सुकाणू आणि नांगर

पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही. भोसरी, आकुर्डी, पुढे चाकण, महाळुंगे, इथे माणूस येतो तो नोकरीसाठी. मराठवाड्यातून येतो, खानदेशातून येतो, उत्तर प्रदेश-बिहारमधून येतो. कोकणातून आलेलेही आहेत आणि त्यांत आमच्यासारखी थोडी मुसलमान घरं आहेत. कोकणी मुसलमान म्हटलं की लोकांना मुंबईची गोदी, आगबोटी आणि आता आखाती देश आठवतात. दाभोळकडचा एक माणूस भोसरीच्या प्रेसशॉपमध्ये बत्तीस वर्षं पत्रा दाबत होता असं सांगितलं की ऐकणाऱ्याला नवल वाटतं. माझ्या यजमानांनी तेच केलं. आणि निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून शिडाची बोट चालवायला शिकून घेतलं, हे सांगितलं की त्याहून जास्त नवल वाटतं. हा लेख त्या शिकण्याविषयी आहे.

यांचे आजोबा तांडेल होते. नारळी पौर्णिमेनंतर गलबत घेऊन निघायचं, मंगलोरी कौलं, मीठ, नारळ, तांदूळ असा माल या बंदरातून त्या बंदरात पोचवायचा आणि पावसाच्या तोंडावर घरी यायचं, असा त्यांचा आठमाही संसार. दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. एके काळी तिथून होर्मुझला, एडनला, जिद्द्याला जहाजं जात. आजोबांच्या काळापर्यंत त्यातली खाडी, मशिदी आणि शब्द एवढंच उरलं होतं.

शब्द मात्र भक्कम उरले होते. सुकाणू हा अरबी ‘सुक्कान’. जहाज आणि तुफान अरबीतून आले, खलाशीही अरबीतूनच. मोसमी वाऱ्यांमधला मोसम अरबी. बंदर आणि लंगर फारसी. नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, नावेचा धनी. मराठी माणूस समुद्रावर गेला की त्याच्या तोंडी हे शब्द आपोआप येतात. तो कोळी असो, भंडारी असो, खारवी असो की मुसलमान. शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या दौलतखानाचं नाव आपल्या सभा-संमेलनांतून नेहमी घेतलं जातं, ते घ्यायलाच हवं. पण मला आठवतात ती बिननावाची माणसं. त्यांनी हे शब्द दोराला गाठ मारावी तसे भाषेत बांधून ठेवले.

सासऱ्यांनी समुद्र सोडला. रस्ते झाले, ट्रक आले, शिडाच्या गलबतांचा माल गेला. हे १९८६ साली भोसरीतल्या एका कारखान्यात लागले. पुढे कारखान्याचा मोठा भाग चाकणला गेला, तेव्हा पहाटे कंपनीच्या बसने नाशिक रस्त्याने जाणं-येणं सुरू झालं. काम तेच. पत्र्याची चादर साच्यावर ठेवायची, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून टनावारी जोर खाली येतो आणि मोटारीचा एक भाग तयार होतो. दोन बटणं अशासाठी की दोन्ही हात साच्याबाहेर असल्याशिवाय प्रेस चालूच होऊ नये. हात वाचले. कान गेले.

कारखान्यातल्या आवाजाने येणारं बहिरेपण एका दिवसात येत नाही. कारखाने कायद्यात ते नोंद करण्याजोग्या आजारांत धरलेलं होतं, नव्वद डेसिबलची आठ तासांची मर्यादा नियमांत होती, कानात घालायचे बोळे कपाटात असतात. तरीही ते येतं, आणि येतं ते आवाजाच्या वरच्या पट्टीपासून. म्हणजे ढोल ऐकू येतो, घंटी ऐकू येत नाही. माणूस बोलतोय हे कळतं, पण शब्दांतले स, श, फ गळून जातात आणि उरलेल्याचा अर्थ लागत नाही. पुरुषांचे जाडे आवाज बरेच दिवस टिकतात. बायकांचे आणि मुलांचे आवाज आधी जातात. आमच्या घरात आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची घंटी, मग नातीचं बोलणं, मग माझं. फजरला मी हाक मारून उठवत असे, ते खांद्यावर हात ठेवून उठवू लागले.

त्यातून आमची एक हाताची भाषा तयार झाली. मूठ वर केली की चहा. दोन बोटं दाराकडे, कोणी आलंय. तळहात आडवा, थांबा. ती आम्ही मुद्दाम बसवली नव्हती. निम्मी यांनी कारखान्यातून आणली होती. प्रेसशॉपमध्ये कोणी कोणाला हाक मारत नाही. साचा बदलायचा असतो तेव्हा वरून क्रेन येते आणि खाली उभा असलेला एक माणूस हाताने क्रेनवाल्याला सांगतो, वर घे, खाली सोड, डावीकडे, थांब. हे ते काम वर्षानुवर्षं करत होते.

हे २०१८ मध्ये निवृत्त झाले आणि वर्षभर घरात बसून राहिले. ऐकू न येणारा माणूस चार माणसांत जायचं टाळतो. मशिदीतून आले की थेट खोलीत. लग्नाकार्यात एका बाजूला खुर्ची. बहारीनला असणाऱ्या मुलाने सुट्टीवर आल्यावर हे पाहिलं आणि त्यानेच पुण्याजवळच्या एका धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या शिडबोटीच्या वर्गाची फी भरून टाकली. नाव दोघांचं घातलं, कारण वडिलांना सांगितलेलं ऐकू येणार नाही, आई सांगेल. मी गेले ती दुभाषी म्हणून.

लहान बोट चौदा फुटांची होती. एक मुख्य शीड, पुढे एक छोटं तिकोनी शीड, माणसं दोन. अशा बोटीत शिकणं हे सायकल शिकण्यासारखं असतं. चूक झाली की लगेच कळते आणि लगेच सुधारता येते. वाऱ्याने बोट एका अंगावर कलली की दोघांनी दुसऱ्या अंगाला सरकायचं, तेवढ्याने ती सरळ होते. धक्क्याजवळ वेग जास्त झाला तर हाताने धरून थांबवता येते. उलटली तर तिच्या पाण्यातल्या पात्यावर उभं राहून ती सरळ करता येते. बोटीपेक्षा आपण फार हलके नसतो, म्हणून आपल्या अंगाचा जोर तिथे कामाला येतो. आम्ही तिथे वाऱ्याची दिशा ओळखायला शिकलो, वाऱ्याच्या उलट जायचं तर नागमोडी जावं लागतं हे शिकलो, आणि सुकाणूचा दांडा ज्या बाजूला ढकलला त्याच्या उलट बाजूला बोट वळते हे हाताला शिकवलं. मग करोना आला आणि दोन वर्षं सगळं बंद झालं.

पुन्हा सुरू केलं ते मुंबई बंदरात. पावसाळा सोडून, ऑक्टोबर ते मे. आधी चोवीस फुटी बोट, आणि २०२४ च्या सुरुवातीला छत्तीस फुटी. पहाटे निगडीहून गाडी पकडायची, दुपारपर्यंत पाण्यावर जायचं. शिक्षक नौदलातून निवृत्त झालेले रत्नागिरीकडचे गृहस्थ होते, मोजकं बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी एक हिशोब सांगितला. बोटीची लांबी दुप्पट झाली तर शिडाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा जोर चौपट. “लहान बोटीत तुम्ही बोटीशी कुस्ती खेळू शकता,” ते म्हणाले, “हिच्याशी खेळू नका. हरणारच.”

छत्तीस फुटी बोट सहा टनांच्या आसपास असते. ती धक्क्याकडे कितीही हळू येत असली तरी पाय लावून थांबवायला गेलात तर पाय मोडतो. शिडाचा ताणलेला दोर हातात धरून ठेवता येत नाही, तो विंचच्या पिंपाला तीन वेढे घेऊनच सोडायचा किंवा ओढायचा, आणि वेढे देताना बोटं आत जाऊ द्यायची नाहीत. म्हणून ओढणी मोकळी ठेवायची नाही, डोक्याला घट्ट बांधून कडा लाइफजॅकेटच्या आत खोचायच्या, हे मी पहिल्या दिवसापासून पाळलं. मागून वारा असताना बोट वळली तर शिडाचं खालचं दांडकं, ज्याला बूम म्हणतात, ते या बाजूचं त्या बाजूला जातं. लहान बोटीत ते डोक्याला टेंगूळ आणतं. मोठ्या बोटीत ते जीव घेऊ शकतं.

मग दोन माणसं ती चालवतात कशी? हा प्रश्न मी विचारला, कारण यांच्या आजोबांच्या गलबतावर आठ-नऊ माणसं असत असं घरात सांगत. शिक्षकांनी उत्तर दिलं ते मला फार आवडलं. जुन्या गलबताचं शीड एका लांबलचक परबाणावर बांधलेलं असे, आणि बोट वाऱ्यातून पलीकडे वळवायची तर ते सगळं परबाण डोलकाठीच्या दुसऱ्या अंगाला न्यावं लागे. त्याला माणसंच लागत. आजच्या बोटीचं शीड डोलकाठीच्या मागेच बांधलेलं असतं, ते आपोआप बाजू बदलतं. पुढचं शीड गुंडाळता येतं. विंचच्या दांड्याने साठ किलोची बाई कित्येकपट ओझं ओढू शकते. माणसं कमी झाली ती अशी. पण आठ माणसांमध्ये मिळून एक कान, एक डोळा, एक शहाणपण जास्त असतं, ते दोघांत नसतं. ते कुठून तरी भरून काढावं लागतं.

कुठून, हे आम्हाला हळूहळू कळलं. मोठ्या बोटीवर जोराच्या जागी वेळ वापरावा लागतो. लहान बोटीत जे घडल्यावर करायचं, ते इथे घडायच्या आधी करायचं. वारा वाढेल असं पहिल्यांदा मनात आलं की तेव्हाच शीड लहान करायचं. वाढल्यावर करू म्हटलं तर तेच काम चौपट अवघड होतं. वळायच्या आधी दोघांनी एकमेकांकडे पाहायचं, कोण कुठला दोर सोडणार आणि कोण ओढणार हे ठरवायचं, मग वळायचं. भरतीचं पाणी कोणत्या वेळी कुठल्या बाजूला ओढणार आहे हे घरून निघतानाच माहीत हवं.

हे शेवटचं काम मी अंगावर घेतलं, कारण ते मला माहेरी येत होतं. कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, तर दुपारी अकरा-बाराच्या सुमाराला भरती. आमच्या घरात पंचांग नव्हतं, चांदची तारीख होती. तीत एक मिळवायचा आणि पाऊणपट करायची. चौदावीचा चांद म्हणजे उधाण, सातवी-आठवीच्या सुमाराला भांग. हिजरी महिना चंद्राचा असल्यामुळे रमजान, मुहर्रम, ईद कधी आहे हे ज्या बाईला माहीत आहे तिला समुद्रही माहीत असतो. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो आणि ते सगळं पाणी बंदराच्या तोंडातून आत-बाहेर जातं. शिक्षक छापील तक्ता बघत, मी मनात हिशोब करी. आमचं उत्तर बहुतेक अर्ध्या तासाच्या आत जुळे. शेवटी भरवसा तक्त्यावरच ठेवायचा, हेही खरं.

पहिले चार दिवस आमची जागा ठरल्यासारखी होती. हे सुकाणूवर, मी पुढे नांगराशी. तशी कोणी नेमणूक केली नव्हती. घरातली मोटारसायकल हे चालवतात, मी मागे बसते, तसंच हे. आजूबाजूच्या बोटींवरही जिथे जोडपी होती तिथे हीच वाटणी दिसे. आणि जिथे ही वाटणी होती तिथे आरडाओरडाही होता. मागून पुरुष ओरडतो, पुढे बाईला वाऱ्यात ऐकू येत नाही, ती मागे वळून ओरडते, तेवढ्यात बोया निघून जातो. बोया म्हणजे तळाशी साखळीने बांधलेला तरंगता गोळा, त्याला बोट बांधायची असते. पुढे उभ्या माणसाने आकडीने तो उचलायचा आणि सुकाणूवरच्या माणसाने बोट नेमकी त्याच्यापाशी, वाऱ्याला तोंड करून, आणून उभी करायची. मुंबई बंदरात वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून असतं, त्यामुळे हे काम दिसतं तेवढं सोपं नाही.

पाचव्या दिवशी शिक्षकांनी मला विचारलं, “भाभी, नांगर किती किलोचा आहे?” पंधरा-सोळा किलो असावा. त्याला साखळी, ती मीटरला दोन किलोहून जास्त. “आणि सुकाणू?” सुकाणू तर दोन बोटांनी फिरतं. “मग जास्त ताकदीच्या माणसाने कुठे उभं राहायचं?”

एवढं साधं गणित, पण आमच्या दोघांच्याही तोंडून उत्तर लगेच आलं नाही. सुकाणूला ताकद लागत नाही. तिथे सगळीकडे पाहणं आणि आधी विचार करणं लागतं. नांगराला, दोराला, आकडीला पाठ आणि दंड लागतात. यांचे दंड अजून प्रेसशॉपचे होते. मी सुकाणूवर गेले, हे पुढे गेले. हे गप्प होते. नाराज आहेत की काय, मला समजेना. तांडेलाच्या नातवाला बोटीच्या नाळेवर उभं करून मागे बायको सुकाणू धरते आहे, असं ते चित्र होतं. दुपारी परतताना लोकलमध्ये त्यांनी मला इतकंच सांगितलं की, “क्रेनखाली उभा असलेला माणूसच साचा बसवतो. क्रेनवाला नाही.” म्हणजे त्यांनी त्यांच्यापुरती ती जागा ओळखली होती.

आणि मग आमच्या घरातली हाताची भाषा कामाला आली. पुढून हे हाताने सांगत, मी मागून पाहत असे. हात उजवीकडे, बोट उजवीकडे. बोट आकाशाकडे, वेग वाढव. तळहात जमिनीकडे दाबल्यासारखा, वेग कमी. बोटं दाखवली तर तेवढ्या बोटींइतकं अंतर राहिलं. मूठ, थांब. आमच्या बोटीवर ओरडणं नव्हतं, कारण ओरडून उपयोगच नव्हता. ऐकण्याची यंत्रं हे किनाऱ्यावर काढून ठेवत, खाऱ्या पाण्याने ती खराब होतात. शेजारच्या बोटीवरच्या एका जोडप्याने शिक्षकांना विचारलं म्हणे, हे दोघं इतकं शांतपणे कसं करतात. भोसरीत शिकले, असं शिक्षकांनी सांगितलं.

क्रेनचा एक नियमही यांनी बोटीवर आणला. क्रेनवाला खुणा एकाच माणसाच्या मानतो. दोघांनी दोन खुणा केल्या तर अपघात होतो. पण ‘थांब’ ही खूण कोणीही केली, अगदी झाडू मारणाऱ्याने केली तरी, क्रेन थांबलीच पाहिजे. आम्ही ते जसंच्या तसं घेतलं. ज्या कामात जो सांगणारा ठरला त्याचंच ऐकायचं, मध्ये दुसऱ्याने शहाणपण सांगायचं नाही. आणि दोघांपैकी कोणालाही काही धोक्याचं वाटलं तर त्याने तळहात आडवा करायचा, दुसऱ्याने आधी थांबायचं, कारण नंतर विचारायचं. चाळीस वर्षांच्या संसारात मला ‘थांब’ म्हणायचा असा बिनशर्त हक्क पहिल्यांदाच मिळाला, आणि यांनाही.

आता यातली गंभीर गोष्ट. बोटीवर दोघंच असतात आणि त्यातला एक पाण्यात पडला तर बोटीवर एकच उरतो. ऐकू न येणारा माणूस पडला तर त्याला मागून हाक मारता येत नाही. आणि मी पडले तर माझी हाक त्याला ऐकू येणार नाही. म्हणून शिक्षकांनी हा सराव सगळ्यात जास्त करून घेतला. पाण्याने भरलेला कॅन लाइफजॅकेटला बांधून समुद्रात टाकायचा आणि एकाने बोट फिरवून तो परत आणायचा. तरंगणारं कडं लगेच फेकायचं, नजर त्या डोक्यावरून काढायची नाही, बोट वाऱ्यात फिरवून तिचा वेग मारायचा, आणि हळूहळू त्याच्यापाशी यायचं. मी एकटी, मग हे एकटे, मग पुन्हा मी.

पण पोचणं हा अर्धाच भाग. ओल्या कपड्यांतला ऐंशी किलोचा माणूस बोटीच्या उंच काठावरून वर ओढायला दोन पुरुषही कमी पडतात. एका शांत सकाळी, बोट नांगरावर असताना, हे शिक्षकांबरोबर पाण्यात उतरले. मी एकटी वर होते. शीड वर चढवायचा दोर सोडून त्याचं टोक मी खाली दिलं, त्यांनी ते छातीच्या पट्ट्याला अडकवलं, दुसरं टोक मी विंचला तीन वेढे घालून दांडा फिरवू लागले. दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला माझा नवरा दोन-चार इंच वर येत होता. पाणी निथळत होतं, डोळे माझ्या हातांवर होते. काठाच्या वर आले तेव्हा मी एका हाताने दोर अडकवला आणि दुसऱ्या हाताने त्यांना आत घेतलं. मग ते बाकावर बसून राहिले. मी पाठीवर टॉवेल टाकला. बऱ्याच वेळाने म्हणाले, “अगो, आता जाऊ शकतो आपण.” त्यांच्या मनात इतके दिवस काय होतं ते मला तेव्हा समजलं. आपल्याला काही झालं तर ही अडकून पडेल, या भीतीने ते पुढचा बेत बोलत नव्हते.

हे सगळं ऐकल्यावर आमच्या नणंदबाईंनी विचारलं, या वयात, आणि बाईमाणसाने? मी त्यांना उम्म हराम यांची गोष्ट सांगितली. हिजरी २८ च्या सुमाराला, इसवी सन ६४९ च्या आसपास, मुसलमानांची पहिली आरमारी मोहीम सायप्रसला गेली. तिच्यात उम्म हराम बिन्त मिल्हान आपले पती उबादा इब्न सामित यांच्याबरोबर गेल्या. सायप्रसच्या भूमीवर जनावरावरून पडून त्या वारल्या. लार्नाकाजवळ मिठाच्या तळ्याच्या काठी त्यांची मजार आहे. नवरा-बायकोने मिळून समुद्रावर जाणं ही आपल्याकडची तेराशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे. नणंदबाई म्हणाल्या, त्या तर सवाबासाठी गेल्या होत्या. तेही बरोबर आहे. मी वाद घातला नाही.

दुसरी गोष्ट अलीकडची. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ‘तारिणी’ ही नौदलाची शिडबोट २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी जगाभोवती नेली. तीच बोट २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून पुन्हा निघाली, तेव्हा तिच्यावर फक्त दोघी होत्या, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. केप हॉर्नला वळसा घालून, पंचवीस हजार सागरी मैलांहून जास्त अंतर कापून त्या २९ मे २०२५ ला परत आल्या. सहाजणींची बोट दोघींनी चालवली. त्याआधी २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, तीही दांडेकरांनीच बांधलेली. आम्ही मुंबई बंदरातून मांडव्यापर्यंत जाणारी माणसं, आमची त्यांच्याशी तुलना नाही. पण त्या दोघींच्या बातम्या वाचताना मला एक कळत होतं. एक झोपलेली असेल तेव्हा दुसरीला सगळं यावं लागत असणार. दोघांच्या बोटीवर एकाला निम्मं आणि दुसऱ्याला निम्मं येऊन चालत नाही. दोघांनाही पूर्ण यावं लागतं.

याच्यावरून मला यांच्या आजीची आठवण येते. मी तिला पाहिलं आहे. नवरा आठ महिने गलबतावर, तेव्हा भाताची कापणी, गुरं, मुलांची दुखणी, उसनवारी, भावकीतले तंटे हे सगळं तिनेच निभावलं. पावसाळ्यात आजोबा घरी आले की सुकाणू त्यांच्या हाती जाई आणि ती मुकाट मागे सरे. नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा तिच्याकडे येई. आपल्या कोकणातल्या हजारो घरांत हेच होतं आणि बहारीन, कतार, कुवेतला गेलेल्यांच्या घरांत आजही तेच आहे. बाईला एकटीला घर चालवता येतं हे सगळ्यांना माहीत असतं. दोघं असतानाही तिने मधूनमधून सुकाणू धरावं आणि पुरुषाने पुढे जाऊन नांगर उचलावा, एवढाच भाग राहून गेला. आजीला तांडेलपण येत होतं, फक्त तिला कोणी तांडेल म्हटलं नाही.

यांचं बहिरेपण गेलेलं नाही, जाणारही नाही. पण लोकांत जायला लागले आहेत. गेल्या वर्षी भोसरीतल्या जुन्या सोबत्यांच्या मेळाव्यात त्यांनी बोटीच्या खुणा करून दाखवल्या. तिथे बसलेल्या निम्म्या माणसांना त्या ओळखीच्या वाटल्या, कारण त्यांचेही कान तिथेच गेले होते. दोघांनी बायकांना घेऊन यायचं कबूल केलं आहे.

आम्हाला आता रात्रीचा प्रवास शिकायचा आहे. अंधारात हाताच्या खुणा दिसत नाहीत, म्हणून टॉर्चच्या ठरवल्या आहेत. एक लुकलुक उजवीकडे, दोन डावीकडे, तीन वेग कमी. टॉर्च सतत आडवा हलवला तर थांब, मग तो कोणीही हलवो. संध्याकाळी जेवणं झाली की घरातले दिवे मालवून आम्ही गच्चीवर त्याचा सराव करतो. समोरच्या इमारतीतल्या मुलांना वाटतं, आजी-आजोबा खेळत आहेत.